पट्टे कुठून सुरू होतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या फुलंब्रीच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, आठवीच्या दोन मुली धापा टाकत स्टाफरूमच्या दारात आल्या. "मॅडम, सायकल स्टँडपाशी मण्यार हाय. लई मोठी." शिपाई लगेच काठी शोधायला वळला. माझ्या तोंडून निघालं, "थांबा. पट्टे कुठून सुरू होतात?"

मुली गोंधळल्या. शिपायाला वाटलं, मी वर्गातला प्रश्न चुकून बाहेर विचारला. मग एक मुलगी आठवत आठवत म्हणाली, "मानेपासून, मॅडम. शेपटीकडं दिसतच नाहीत."

"मग कवड्या आहे, बिनविषारी. लांब उभ्या राहा आणि जाऊ द्या त्याला."

कवड्या भिंतीच्या फटीत निघून गेला, काठी परत कोपऱ्यात गेली, घंटा झाली. मी खुर्चीत येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की तो प्रश्न माझा नव्हता. तो नांदेडकर मॅडमचा होता. मी आज या खुर्चीत बसले आहे तेही त्यांच्यामुळेच. हे कधीतरी नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

मॅडम छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. वसतिगृह शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. दगडी भिंती, दगडांमध्ये फटी, मागे गवत. मी पाचोडहून बारावी करून तिथं आले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव?"

"पाचोड."

"मग तू पाचोड. नावाच्या पाच मुली असतात गं इथं. गाव एकेकीचं एकेक." माझ्या खोलीत वैजापूर होती, समोर फुलंब्री. एखाद्या गावच्या दोघी निघाल्या तर मॅडम वैतागायच्या, जणू आम्हीच ठरवून गोंधळ केला. एकदा कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुमचं आडनावसुद्धा गावावरूनच आहे. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मला सवय आहे. नांदेडला मी आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला."

बुटक्या, ताठ, चालायला भलत्या जलद. सुती साडी, पदराला पिन, आणि साडीखाली पोरांसारखे खेळाचे बूट. "गवतातून जायचं तर पाय झाकलेले हवेत. शोभा कुणाला दाखवायची आहे, मुंगसाला?" स्कूटीच्या डिकीत हेल्मेटच्या जागी फरसाणची एक मोठी पारदर्शक बरणी असायची. भिंतीवरचा निरुपद्रवी साप त्या बरणीखाली झाकायच्या, खालून पुठ्ठा सरकवायच्या, आणि मागच्या दगडांत नेऊन सोडायच्या. विषारी दिसला तर हात लावायच्या नाहीत. "मी शिकवते. पकडणारे वेगळे, त्यांना फोन करायचा." बरण्या फुटायच्या, म्हणून नव्या लागायच्या. कुणाच्या घरी चहाला गेल्या आणि ताटलीत फरसाण आलं की मॅडमची नजर आधी स्वयंपाकघराकडे जायची. "ही संपली की मला हं," असं यजमानीणबाईंना सांगूनच चहाचा पहिला घोट घ्यायच्या.

त्या कधी "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत. हे मला तेव्हा विचित्र वाटायचं, कारण बाकी सगळे मोठे लोक मुलींना तेच सांगतात. मॅडम म्हणायच्या, "भी की. पण बघून भी."

आणि बघायला आमच्याकडे होता कवड्या. लांबीला हातभर, बोटाएवढा जाड, चॉकलेटी अंगावर पिवळसर पांढरे पट्टे. मानेजवळचा पट्टा लिंबाच्या सालीसारखा पिवळा, नुकताच रंगवल्यासारखा. तो पाली खातो, म्हणून भिंती चढतो, म्हणून ट्यूबलाइटच्या मागे निघतो, म्हणून मुली किंचाळतात. मॅडम दारात येऊन हात कमरेवर ठेवायच्या. "पाल तुम्हाला चालत नाही. पाल खाणारा चालत नाही. मग तुम्हाला चालतं काय?"

त्याचं खरं दुर्दैव म्हणजे तो मण्यारीसारखा दिसतो. मण्यारही पट्ट्यांची, पण तिचं विष फार वाईट. आमच्या भागात अंगावर आडवे पट्टे असले की ती मण्यार, पुढचं बोलायला कुणी थांबत नाही.

मला येऊन महिनाही झाला नव्हता. एका संध्याकाळी आमच्या खोलीत कवड्या निघाला. वैजापूर पलंगावर उभी राहून ओरडत होती, मी दप्तर डोक्यावर धरून उभी होते, का ते आजही सांगता येणार नाही. दोन खोल्या पलीकडच्या मुलीनं तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. मॅडम बरणी घेऊन येईपर्यंत तो फोटो तीन तालुके फिरला होता. खाली लिहिलं होतं, "होस्टेलमध्ये मण्यार." थोड्याच वेळात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. "सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. आवरून ठेव."

आवरून ठेव म्हणजे काय ते मला कळलं. मी व्हरांड्यात बसून रडत होते. वसतिगृहाचे वॉचमन गफूरचाचा माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. मॅडमसारखेच तेही गावाच्या नावानं हाक मारायचे.

"रोव नक्को, पाचोड. मॅडम हैं ना."

"मॅडम काय करणार चाचा? अण्णा ऐकणार नाहीत."

तेव्हा चाचांनी कन्नड गावच्या मुलीची गोष्ट सांगितली. माझ्या आधीच्या वर्षी अशीच एक मुलगी होती, हुशार. तिच्या खोलीत साप निघाला. मॅडम गावाला गेल्या होत्या. मेसच्या पोरांनी तो ठेचला, आणि आपल्याकडे करतात तसं मागच्या बाजूला नेऊन जाळला, म्हणजे दुसरा डूख धरून येऊ नये. जाळायला काड्या चाचांनीच आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा मामा आला. मॅडमही धावत आल्या. मामा म्हणाला मण्यार होती, चाचा म्हणाले मण्यारच, पोरं म्हणाली मण्यार. मॅडमकडे दाखवायला काही नव्हतं. तो मुलीला घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली.

"मॅडम राख के पास खड़ी थी," चाचा म्हणाले. "मेरेकू कुछ नई बोली. खाली इत्ता बोली, चाचा, राखेला पट्टे नसतात. उस दिन से मैं लाठी उधर रखताऊँ, ऊपर. निकालने में टाइम लगता."

सकाळी अण्णा आले. मॅडमनी त्यांना ऑफिसात खुर्ची दिली, चहा मागवला आणि टेबलावर मधोमध बरणी ठेवली. आत कवड्या वेटोळं करून बसला होता. रात्रभर त्याला सोडलं नव्हतं, एवढ्यासाठीच.

अण्णा म्हणाले, "मॅडम, ती बरणी बाजूला घ्या. मंग बोलू."

"बरणी राहू द्या. आपण तिच्याबद्दलच बोलणार आहोत."

"बोलायचं काय त्यात. माझा चुलता मण्यारीनं गेला. झोपल्या जागी. सकाळी उठवायला गेलो तर उठलाच नाय. पोरगी शिकंल न शिकंल, जगली पायजे."

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला वाटलं आता मॅडम समजावतील, अंधश्रद्धा वगैरे शब्द येतील. मॅडम म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे. मण्यार तशीच असते. चुलत्यांना चावलेली तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली म्हंजे? म्याच मारली. अंथरुणाच्या घडीत व्हती."

"कशी होती?"

"काळी. निळ्यावर मारायची. तेल लावल्यावानी चमकत व्हती."

"आणि पट्टे?"

"बारीक, पांढरे. दोन दोन जोडीनं." अण्णांनी हवेत बोटं धरून दाखवली. "डोक्याकडं नव्हते. शेपटाकडं दाट." एवढं बोलून ते थांबले. चहा आला होता, मॅडमनी तो अण्णांच्या पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. अण्णा हळूहळू पुढे वाकले. नाक बरणीपासून वीतभर राहिलं.

"ह्यो तर तपकिरी हाय."

मॅडमनी बरणी त्यांच्याकडे आणखी सरकवली.

"मानेपसूनच पट्टे हाईत. शेपटाकडं पुसट." अण्णांनी बरणी स्वतःच्या हातानं फिरवली. "तोंडबी चपटं हाय. कोण हाय म्हणायचा ह्यो?"

"कवड्या. विष नाही. पाली खातो. चावला तर टोचल्यासारखं होतं, साबणानं धुवायचं."

अण्णा मागे टेकले. मी दाराआडून पुढे डोकावले. पण अण्णा शेतकरी माणूस, एका गोष्टीवर सौदा करत नाहीत. म्हणाले, "पटलं. ह्यो कवड्या. पण इथं मण्यार येणारच नाय, ह्याची हमी देता का तुमी?"

"नाही देत. डोंगर आहे, दगड आहेत. येऊ शकते."

"मंग?"

"एकच सांगते. कवड्या असला तर कवड्या म्हणेन. मण्यार असली तर मण्यार म्हणेन, आणि तुम्हाला आधी सांगेन. कुणाकडून फोटो यायच्या आधी."

अण्णांनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि मला हाक मारली. "ऱ्हा. पण दर इतवारी फोन कर." मग बाहेर पडताना चाचांना विचारलं, "ह्या बाई रातच्याला बी इथंच असत्यात का?"

नंतर मराठीच्या सरांनी मॅडमना सुचवलं की या पालकांना सरळ सांगावं, हा तुळजापूरच्या देवीच्या गळ्यातल्या कवड्यांची माळ घालून आलेला साप आहे. कुणी हात लावणार नाही. मॅडम म्हणाल्या, "आज देवीच्या नावानं वाचला, तर उद्या देवीच्याच नावानं कुणीतरी मारेल. त्यापेक्षा बघू देत त्यांना." सर म्हणाले, फार वेळ लागेल मॅडम तुमच्या पद्धतीनं. मॅडम म्हणाल्या, "मला कुठं जायचंय?"

मॅडमची पद्धत म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवाळीच्या आधी कळलं. प्रॅक्टिकलला बाटलीतले साप होते, पण औषधात राहून सगळे एकाच चिखलाच्या रंगाचे झालेले. मॅडमनी बाटल्या कपाटात टाकल्या आणि आम्हा दहा-बारा मुलींना शहरात बांगड्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराकडे कापड गुंडाळलेले लाकडी दांडे होते, त्यावर बांगड्या अडकवून ठेवतात. मॅडमनी एक काळा दांडा मागितला आणि एक तपकिरी. काळ्यावर पुढची जागा मोकळी सोडून बारीक पांढऱ्या बांगड्या दोन दोन घातल्या, टोकाकडे दाट. तपकिरीवर रुंद पिवळसर बांगड्या, मानेपाशी ठसठशीत, पुढे विरळ, मग नुसताच दांडा. "ही मण्यार. हा कवड्या. डोळे मिटा. उघडा. पाचोड, कुठला?"

दुकानात गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, काळ्यावरच्या छान आहेत." दुकानदार बराच वेळ सहन करत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, लेना है के पढ़ाना है?"

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांना एकेक डझन घेऊन दिल्या. पिवळसर. पुढे आम्ही त्या गल्लीतून गेलो की तो दुकानातूनच विचारायचा, "साँपवाली मॅडम कैसे हैं?"

त्या दिवसापासून आम्ही कवड्याला बांगडीवाला म्हणायला लागलो. आज बांगडीवाला बाथरूममध्ये होता, काल बांगडीवाला जिन्यात होता. जिथं आधी किंचाळी यायची तिथं आता हाक यायची, "अगं, बांगडीवाला आलाय, चप्पल बघून घाल." वैजापूर, जी पलंगावर उभी राहून ओरडली होती, ती आता केर काढायच्या झाडूनं त्याला सुपलीत लोटून मागे सोडून यायची. घरी जाऊन त्याच्या गोष्टी सांगायची. आम्हाला वाटायचं, मॅडम खूश असतील. त्याही हसायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, दिवेलागणीला, मॅडम हजेरी घ्यायला आल्या. आम्ही व्हरांड्यात रांगेत उभ्या. बाथरूमच्या बोळात वैजापूर झाडू आणि सुपली घेऊन वाकली होती. मागे वळून हसत म्हणाली, "एक मिनिट मॅडम, आपला बांगडीवाला." तो कोपऱ्यात वेटोळं करून, डोकं वेटोळ्याखाली घालून निवांत पडला होता.

मॅडमचा आवाज एरवी चांगला खणखणीत. त्या दिवशी तो एवढा हळू आला की मागच्या मुलींना ऐकूही गेला नाही. "वैजापूर. झाडू तिथंच ठेव. मागे पाय टाक. अजून. अजून."

वैजापूर मागे आली. मॅडमनी तिचा दंड धरला आणि बॅटरी त्या कोपऱ्यावर मारली. "आता बघ. पट्टे कुठून सुरू होतात?"

वैजापूर बघत राहिली. "पुढं नाहीत, मॅडम." मग थोड्या वेळानं, "जोडीजोडीनं आहेत." तिच्या हातातली सुपली खाली पडली.

मॅडमनी बोळाचं दार ओढून घेतलं, फटीला पोतं लावलं आणि सर्पमित्राला फोन केला. तो आला, आकड्यानं उचलून पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना म्हणाला, पूर्ण वाढलेली आहे. कुणाला काही झालं नव्हतं. पण मॅडम पायरीवर बसल्या त्या उठेनात. आम्ही भोवती उभ्या. चाचांनी चहा आणला, तो तसाच राहिला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दुकानात मी दोन साप दाखवले होते. तुम्ही एकच घरी आणलात, आणि मी बघत बसले." वैजापूर रडायला लागली तेव्हा तिला म्हणाल्या, "तू नको रडू. तू काय केलंस? नाव दिलंस आणि मग बघायचं थांबलीस. सगळे तेच करतात. बांगडीवाला आजपासून बंद."

तेवढ्यात प्राचार्य आले. चांगला माणूस होता, पण पुढच्या आठवड्यापासून प्रवेश सुरू व्हायचे होते. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं, तरी व्हरांड्यात आवाज फिरतो.

"मॅडम, कवड्या होता असं सांगू. नाहीतरी तुमच्याकडे नेहमी कवड्याच असतो. कुणी विचारणार नाही."

"सर, मी पालकांना शब्द दिलाय."

"अहो, निम्म्या मुली उद्या घरी जातील. तुमच्याच मुली. कन्नडच्या एका मुलीसाठी किती दिवस हळहळत होता तुम्ही. आता वीस जातील."

हे मॅडमना लागलं होतं, ते आम्हालाही दिसलं. मग म्हणाल्या, "जातील कदाचित. पण पुढच्या वेळी कवड्याला कवड्या म्हटलं, तर माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"रेक्टरपद दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल मग."

"द्या ना. बरणीही देईन."

आणि त्या ऑफिसात जाऊन फोनला बसल्या. आम्ही जिन्यात बसून ऐकत होतो. प्रत्येक घरी तेच वाक्य, तसंच. "नांदेडकर बोलते, रेक्टर. आज वसतिगृहात मण्यार निघाली. कवड्या नाही, मण्यार. कुणाला काही झालेलं नाही, ती पकडून नेली. उद्यापासून भिंतीच्या फटी भरून घेते आहे. मुलींनी खाली झोपायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. तुम्हाला मुलगी न्यायची असेल तर न्या, तो तुमचा हक्क आहे. मी सांगितलं नाही असं मात्र व्हायला नको."

काही घरांतून पलीकडचा आरडाओरडा आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू आला. पाचोडला फोन लागला तेव्हा मात्र पलीकडून काहीच आवाज येईना. मॅडम अधूनमधून म्हणत होत्या, "हो. हो. नाही, सगळ्या पलंगावर." फोन ठेवला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खोलीत येऊन मी आणि वैजापूरनं आपापल्या पुस्तकांचे गठ्ठे बांधून ठेवले. घरी पुस्तकं कशाला लागणार होती, पण बांधले.

सकाळी फाटकाशी गर्दी. वैजापूरचे वडील जीप करूनच आले होते. बाकावर बसून लेकीची वाट बघत होते. अण्णा आले ते खांद्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन. मला वाटलं, न्यायलाच आले. सामान न्यायला इतकं मोठं गाठोडं कशाला, असंही वाटून गेलं.

वैजापूरच्या वडिलांनी त्यांना जागा करून दिली. "तुमीबी न्यायला आलात का, पाहुणं?"

"नाय बा. मच्छरदाण्या हाईत." अण्णांनी गाठोडं बाकाखाली सरकवलं. "मॅडम म्हनल्या फोनवर, खोचून झोपा. पाचोडच्या बाजारातल्या व्हत्या तेवढ्या सगळ्या उचलल्या. दुकानदार इचारतो, लगीन हाय का."

"म्हंजे पोरीला ठिवनार? मण्यार निघाल्यावर?"

"तुमच्या घरी निघत नाय का मण्यार?"

"निघती की. पर..."

"तवा कोन सांगतं तुमाला? माझ्या चुलत्याला कुनी सांगितलं न्हवतं." अण्णांनी तंबाखूची पुडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "इथं सांगनारं मानूस हाय. मॅडमनी मला समोर बसून सांगितलं व्हतं, मण्यार असली तर मण्यार म्हनीन. म्हनल्या. आता आनिक काय पायजे?"

वैजापूरचे वडील बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग उठून जीपवाल्याकडे गेले आणि भाड्यावरून त्याच्याशी भांडले, कारण येताना ठरलं होतं सामानासकट आणि आता जाताना सामान नव्हतं. आम्ही दोघींनी खोलीत जाऊन गठ्ठे सोडले.

सगळं गोड झालं असं नाही. काही मुली गेल्या आणि आठवड्याभरानं परत आल्या. फुलंब्री आलीच नाही. मॅडम स्कूटीवर तिच्या घरी गेल्या, संध्याकाळी एकट्या परतल्या, आणि त्या दिवशी हजेरी चाचांनी घेतली. प्राचार्यांनी रेक्टरपद काढून घेतलं नाही. मॅडमच्या जागी कुणी तयारच झालं नाही. आमच्या मजल्यावर प्रत्येक पलंगाला पाचोडची मच्छरदाणी लागली, सगळ्या एकाच भडक गुलाबी रंगाच्या. मॅडम रात्रीच्या फेरीला बॅटरी घेऊन यायच्या, प्रत्येकीची खोच हातानं दाबून बघायच्या, आणि दारातून परत जाताना म्हणायच्या, "लग्नाचं बिऱ्हाड वाटतं नुसतं."

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, नोकरीला लागले. वैजापूर आता तिच्या गावीच कॉलेजात शिकवते आणि मुलींना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारते असं ऐकलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या जूनमध्ये. आमच्या शाळेतल्या एका मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तिच्या घरातली ती पहिलीच. तिच्या वडिलांनी मला सोबत यायला सांगितलं. मॅडमचं निवृत्तीचं वर्ष. केस पूर्ण पांढरे, बूट तेच, व्हरांड्यात टेबल टाकून बसलेल्या. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचोड, जाड झालीस." मग मुलीच्या वडिलांकडे वळल्या. हातात पिशवी घट्ट धरून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"सही नंतर. आधी ऐकून घ्या," मॅडम म्हणाल्या. "इथं साप निघतात. बहुतेक कवड्या असतो, त्याला विष नाही. कधी मण्यारही निघालेली आहे, ती विषारी. निघाली तर लपवणार नाही, त्याच दिवशी फोन करीन. मुलीला दोन्हीतला फरक पहिल्याच आठवड्यात शिकवते. हे सगळं ऐकून ठेवायची असेल तर ठेवा."

ते लेकीकडे बघत राहिले. ती खाली बघत होती आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "सापाचं समजलं. पान्याचं कसं हाय? नळाला कितव्या दिवशी येतं?"

मॅडमनी चाचांकडे पाहिलं. चाचा गच्चीवरच्या टाकीकडे बघायला लागले.

"ते मात्र मला खात्रीनं सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

ते गृहस्थ हसले. खुर्चीत नीट मागे सरकून बसले, सही कुठं करायची ते विचारलं, आणि लेकीला म्हणाले, "जा, रिक्षातून गादी उतरव."